विश्लेषण : जायफळाची रोपे पळवणाऱ्याने जंगल राखण्याचा कायदा का केला?

पुरणात किसून पडणारे जायफळ आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग. पावणेतीनशे वर्षांपूर्वी या दोन्हींच्या व्यापारावर एकाच युरोपीय कंपनीचा ताबा होता, आणि तो टिकवण्यासाठी तिने कित्येक बेटांवरची झाडे मुळासकट तोडून टाकली होती. हा ताबा मोडायला निघालेला एक फ्रेंच माणूस पुढे मॉरिशसचा प्रशासक झाला. १७६९ मध्ये त्याने तिथल्या जमीनदारांना आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगल म्हणून राखण्याची सक्ती केली. कार्बन कर, जंगलतोडीतून आलेल्या मालावर बंदी असे वाद आज देशादेशांत सुरू आहेत. पिएर प्वाव्र या माणसाच्या आयुष्यात त्यातले बरेचसे आधीच घडून गेलेले दिसते.

कोण होता पिएर प्वाव्र?

फ्रेंच भाषेत ‘प्वाव्र’ म्हणजे मिरी. मसाल्यांच्या मागे आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे आडनावच मिरी असावे, हा निव्वळ योगायोग. इंग्रजी शाळांत मुले जो ‘पीटर पायपर’चा जिभेला पीळ घालणारा खेळ खेळतात, तो याच्यावरून आला असे सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही.

जन्म १७१९ चा, फ्रान्समधल्या ल्यों शहरातला. घर व्यापाऱ्याचे. ल्यों म्हणजे रेशमाचे शहर, त्यामुळे दूरदेशीचा माल आणि त्याचे भाव हे लहानपणापासून कानावर. मुलगा मात्र ख्रिस्ती मिशनकडे वळला आणि विशीत धर्मप्रसारासाठी चीनकडे निघाला. तिथे त्याला अटक झाली. त्याच्या पहिल्या चरित्रात गोष्ट आहे ती अशी : वाटेत कुणीतरी त्याला चिनी भाषेतले शिफारसपत्र म्हणून एक कागद दिला. ते पत्र त्याला वाचता येत नव्हते. अधिकाऱ्यांना दाखवल्यावर कळले, की त्यात त्याच्याविरुद्धच तक्रार होती. तुरुंगात बसून तो चिनी शिकला, असे चरित्रकार सांगतो. यात मीठमसाला किती हे ठरवणे कठीण आहे. पुढची काही वर्षे त्याने चीन आणि आजच्या व्हिएतनाममध्ये काढली, आणि धर्मापेक्षा तिथली शेतीच जास्त पाहिली.

१७४५ मध्ये मायदेशी परतताना सुमात्राजवळ बांकाच्या सामुद्रधुनीत इंग्रज जहाजांनी त्याच्या जहाजावर हल्ला केला. तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा हात गेला. उजव्या हाताशिवाय पाद्री होता येत नसे, त्यामुळे तो मार्ग तिथेच संपला. इंग्रजांनी कैद्यांना डचांच्या बटाविया बंदरात, म्हणजे आजच्या जकार्तात, सोडून दिले. जखम भरून येईपर्यंत तो काही महिने तिथे राहिला. हे बंदर म्हणजे जगाच्या मसाला व्यापाराचे मुख्यालय. धर्मप्रसारक म्हणून आलेला माणूस तिथून निघाला तो दुसराच बेत घेऊन.

डचांची मक्तेदारी चालायची कशी?

जायफळ नैसर्गिकरीत्या उगवायचे ते मुख्यतः बांदा नावाच्या मूठभर बेटांवर आणि लवंग जवळच्या मोलुक्का बेटांवर. दोन्ही आज इंडोनेशियात आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये बांदा जिंकताना तिथल्या बहुतेक लोकांना ठार केले, हाकलले किंवा गुलाम केले. मग कंपनीने झाडांकडे मोर्चा वळवला.

भाव चढा ठेवायचा तर पुरवठा हातात हवा. म्हणून लवंगेची लागवड अंबोन आणि आसपासच्या बेटांपुरती ठेवून बाकी बेटांवरची झाडे तोडायची, असा नियम झाला. तो पाळला जातो की नाही हे पाहायला वल्ह्यांच्या होड्यांचा ताफा फिरायचा. दिसले झाड की तोड. जायफळ बाजारात पाठवण्याआधी चुन्यात बुडवले जायचे, म्हणजे ते कुणी पेरले तरी रुजू नये. रोपे किंवा रुजणारे बी बाहेर नेणाऱ्याला कडक शिक्षा होती.

व्यापार टिकवण्यासाठी निसर्ग मुद्दाम आकसून टाकल्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सापडणे अवघड. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर ही व्यवस्था फार नाजूक होती : सगळा नफा चार बेटांवरच्या झाडांवर उभा. तिच्यात एक भोकही होते. तिकडची मोठी रानकबुतरे जायफळ अख्खे गिळतात आणि बी दूरच्या बेटांवर टाकतात. कबुतरांना कंपनीचा हुकूम लागू नव्हता. कंपनीच्या नकाशाबाहेरही कुठेतरी जायफळ उगवत असणारच, हे प्वाव्रने हेरले.

पहिला प्रयत्न का फसला?

पुदुच्चेरीत डुप्ले आणि मॉरिशसमध्ये ला बूर्दोने या दोन फ्रेंच मुत्सद्द्यांची गाठ घेऊन प्वाव्र फ्रान्सला पोहोचला आणि फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीला त्याने आपला बेत पटवला. मसाल्याची रोपे मिळवायची, ती मॉरिशसमध्ये लावायची. मॉरिशसचे तेव्हाचे नाव इल द फ्रान्स. भारताकडे जाणाऱ्या फ्रेंच जहाजांचा तो थांबा होता.

१७४० च्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा पूर्वेला आला. मनिला, तिमोर असा फिरत त्याने जायफळाची हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी रोपे बेटावर आणली. पण ती जगली नाहीत. बेटावरचा दुसरा वनस्पतितज्ज्ञ फ्युझे-ओब्ले म्हणाला, ही खरी जायफळे नव्हेतच. प्वाव्रचा संशय होता की रोपे मुद्दाम मारली गेली. दोघांचे कधीच जमले नाही. कंपनीचा उत्साहही आटला. १७५६ मध्ये तो परत निघाला आणि वाटेत पुन्हा एकदा इंग्रजांच्या हाती सापडला. सुटका होऊन ल्योंजवळच्या आपल्या मळ्यावर पोहोचला तेव्हा वय चाळिशीकडे झुकलेले, हात एक आणि हाती यश शून्य.

पुढची दहा वर्षे त्याने शेती केली आणि लिहिले. चीन, मलबार, कोरोमंडल इथल्या शेतीची निरीक्षणे त्याने ल्योंच्या अकादमीत वाचली. १७६८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि युरोपात गाजली. ज्या देशात शेतकरी सुखी, तो देश श्रीमंत, हे त्याचे सूत्र. त्या वेळच्या फ्रान्समध्ये ‘फिजिओक्रॅट’ नावाचा अर्थशास्त्र्यांचा गट होता. खरी संपत्ती जमिनीतून येते आणि व्यापार मोकळा असावा, असे हा गट मानायचा. प्वाव्र त्यांच्यातलाच. म्हणजे पुढे ज्याने जमीनदारांवर बंधने घातली, तो विचाराने खुल्या व्यापाराचा माणूस होता.

मॉरिशसवर जंगल उरले होते का?

होते, पण झपाट्याने कमी होत होते. डच या बेटावर १५९८ मध्ये उतरले. त्यांनी किनाऱ्यालगतचे अबनूस, म्हणजे काळे कठीण लाकूड, तोडून निर्यात केले. डोडो हा न उडणारा पक्षी १६६२ नंतर खात्रीने कुणी पाहिल्याची नोंद नाही. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे त्याच्या अंड्यांवर तुटून पडली. १७१० मध्ये डच गेले, काही वर्षांत फ्रेंच आले.

फ्रेंचांच्या काळात पोर्ट लुई बंदर उभे राहिले आणि लाकडाची भूक वाढली. जहाजांची दुरुस्ती, घरे, जळण. त्यात लोखंड गाळण्याचा एक कारखानाही सुरू झाला; त्याला कोळशासाठी लाकूड लागे. जहाजांवरच्या खलाशांना ताजे मांस म्हणून शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरून राक्षसी कासवे हजारोंच्या संख्येने आणली जात. मॉरिशसवरची आधीच संपत आली होती.

डोंगरउतार उघडे पडले तशी पावसाबरोबर माती वाहून बंदरात साचू लागली. बेटाची सगळी कमाई ज्या बंदरावर, तेच उथळ होत चालले होते.

दरम्यान फ्रेंच कंपनी युद्धखर्चाने कर्जात बुडाली आणि १७६० च्या दशकात बेटे राजाच्या ताब्यात गेली. नव्या प्रशासनासाठी अनुभवी माणूस हवा होता. मंत्री श्वाझल याने प्वाव्रला बोलावले. १७६७ च्या जुलैमध्ये तो इंतेंदां, म्हणजे मुलकी आणि आर्थिक कारभाराचा प्रमुख, म्हणून पोर्ट लुईत उतरला. सोबत होती नुकतीच लग्न झालेली, त्याच्याहून बरीच लहान फ्रान्स्वाज. ‘पॉल आणि व्हर्जिनी’ लिहिणारा बर्नार्दां द सँ-पिएर त्याच सुमारास बेटावर नोकरीला होता आणि तिच्या प्रेमात पडला होता. तिने त्याला दाद दिली नाही.

१७६९ चा कायदा नेमका काय होता?

बेटावरची जमीन राजाने अटींवर दिलेली होती, त्यामुळे अटी बदलण्याचा अधिकार प्रशासनाकडे होता. प्वाव्रने तोच धागा पकडला. प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा झाडाखाली ठेवायचा, विशेषतः डोंगरउतारावरचा. जिथे जंगल उरलेच नाही तिथे पुन्हा झाडे लावायची. पाण्याच्या प्रवाहालगत साधारण दोनशे यार्डांपर्यंतचे जंगल तोडायचे नाही.

यामागे त्या काळातला एक नवा सिद्धांत होता : झाडे गेली की पाऊस कमी होतो. झाडे पाणी शोषून हवेत सोडतात, हे इंग्लंड आणि फ्रान्समधल्या प्रयोगांतून नुकतेच पुढे आले होते. प्वाव्रने ते थेट धोरणात आणले. आजच्या माहितीनुसार छोट्या बेटावरचा पाऊस मुख्यतः समुद्री वारे आणि डोंगर ठरवतात, त्यामुळे त्याचा अंदाज थोडा ताणलेला होता. मातीची धूप, आटणारे ओढे आणि गाळाने भरणारे बंदर याबाबत मात्र तो चुकला नाही.

त्याच वर्षी, १७६९ मध्ये, फ्रेंच सरकारने ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी मक्तेदारी स्थगित केली आणि पूर्वेचा व्यापार सगळ्या फ्रेंच व्यापाऱ्यांना खुला झाला. इकडे व्यापार मोकळा होतोय आणि तिकडे जंगलावर नियम येतायत. प्वाव्रला यात विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. जास्त जहाजे येणार म्हणजे जास्त लाकूड, धान्य आणि पाणी लागणार. ते दहा वर्षांनीही मिळावे, एवढाच त्याचा हिशेब होता. निसर्गप्रेम त्यात होते, पण पगार त्याला नौदलाचे मंत्रालय देत होते, हेही विसरता येत नाही.

चित्राची दुसरी बाजू अशी, की बेटावरचे बहुसंख्य लोक मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. प्वाव्र गुलामगिरीच्या विरोधात बोलला, लिहिला. पण तिच्यावर चालणारा कारभार त्यानेच पाच वर्षे हाकला. त्याच्या बागेतले खड्डेही गुलामांनीच खणले.

मग मसाल्यांचे काय झाले?

तो बेत प्वाव्रने सोडला नव्हता. त्याने प्रोव्हो नावाच्या माणसाला दोन मोहिमांवर मोलुक्काकडे धाडले. डच गस्त चुकवत, स्थानिक सरदारांशी संधान बांधत या मोहिमांनी १७७० आणि १७७२ मध्ये लवंग आणि जायफळाची रोपे व बिया मोठ्या संख्येने आणल्या. पाम्प्लमूस इथल्या बागेत ती लावली गेली. प्वाव्रनंतर निकोला सेरे या चिकाटीच्या माळ्याने ती जगवली आणि त्या दशकाच्या अखेरीस फळे धरली.

गंमत म्हणजे रोपे हाती येताच फ्रेंचांनीही तेच केले जे डच करत होते. बेटाबाहेर रोपे नेण्यावर बंदी आली. सेशेल्स बेटांवर एक मसाल्याची बाग लावली गेली होती. १७८० मध्ये इंग्रज जहाज आल्याच्या समजुतीने ती जाळून टाकण्यात आली. जहाज फ्रेंचच निघाले.

बंदी फार टिकली नाही. लवंग रियुनियन, मादागास्कर, झांझिबार असा प्रवास करत गेली. भारत आज लवंग आयात करतो त्यात मादागास्कर आणि टांझानियाचा वाटा मोठा आहे. सध्याच्या जैवविविधता करारांखाली मात्र प्वाव्रवर खटलाच उभा राहिला असता. नागोया करारानुसार दुसऱ्या देशातले जनुकीय साधन न्यायचे तर त्या देशाची संमती आणि लाभातला वाटा द्यावा लागतो. १९९७ मध्ये रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हळदीचे अमेरिकी पेटंट रद्द करून घेतले, तो वाद याच जातीचा.

कायदा टिकला का?

प्वाव्र १७७२ मध्ये फ्रान्सला परतला आणि ६ जानेवारी १७८६ रोजी ल्योंमध्ये वारला. त्याची चौकट नंतरच्या अधिकाऱ्यांनी चालवली. १७९० च्या दशकात निळीचे आणि साखरेचे कारखाने ओढ्यांत घाण सोडतात म्हणून त्यावरही नियम आले. अंमलबजावणी ढिली होती, तरी जंगल बऱ्यापैकी उभे होते.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. तरीही लगेच काही बिघडले नाही. बिघडले ते १८२५ मध्ये, आणि तेही हजारो मैलांवर लंडनमध्ये. वेस्ट इंडीजच्या साखरेपेक्षा मॉरिशसच्या साखरेवर जास्त आयात शुल्क होते. ब्रिटिश संसदेने ते समान केले. जकातीच्या तक्त्यातला एक आकडा बदलला आणि मॉरिशसमध्ये ऊस लावणे एकदम फायद्याचे झाले. उतार, ओढ्याकाठ, चौथा हिस्सा, काहीही सुटले नाही. १८५० च्या दशकात साखरेचे उत्पादन वर्षाला एक लाख टनांपलीकडे गेले. आज बेटावर मूळ स्थितीतले जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, पण उसाला हात हवेच होते. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून कराराने बांधलेले मजूर आणले गेले, एकूण साडेचार लाखांच्या आसपास. मुंबईतून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक होते. मॉरिशसमधल्या मराठी समाजाची मुळे या साखरेतच आहेत.

महाराष्ट्राशी आणखी काय संबंध?

प्वाव्रच्या जंगल-पाऊस सिद्धांताचा प्रवास इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ मधल्या ‘ग्रीन इम्पीरियलिझम’ या ग्रंथात मांडला आहे. मॉरिशसवरून हे विचार सेंट हेलेना बेटावर आणि तिथून ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरांकडे पोहोचले. त्यातला एक अलेक्झांडर गिब्सन. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा तो प्रमुख होता आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. जहाजबांधणीसाठी कोकण आणि मलबारातला साग संपत आला होता. जंगल तुटले की ओढे आटतात, असे त्यानेही सरकारला लिहिले.

इथेही संरक्षणामागे व्यापार होताच. १८७८ च्या वन कायद्यापर्यंत त्याचे रूप असे झाले, की सरकारी जंगलात गुरे चारण्याचे आणि लाकूडफाटा आणण्याचे गावाचे जुने हक्क आकसले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर ओढलेले कोरडे याच काळातले आहेत. मॉरिशसमध्ये चौथा हिस्सा बड्या जमीनदारांकडून मागितला गेला होता. इथे तो गुराख्याकडून घेतला गेला.

आजच्या वादांशी हे कसे जुळते?

प्वाव्रचा नियम त्याच्या बेटापुरता होता. आताचा पेच वेगळा आहे : आयात करणारा देश निर्यात करणाऱ्या देशाला पर्यावरणाची अट घालू शकतो का? १९४७ च्या गॅट करारातल्या विसाव्या कलमात सजीवांचे आरोग्य आणि संपणारी नैसर्गिक साधने राखण्यासाठी अपवाद आहे, पण त्याआडून भेदभाव करता येत नाही. समुद्री कासवे अडकतात म्हणून अमेरिकेने कोळंबीची आयात रोखली, तेव्हा भारतासह चार आशियाई देश जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ च्या निकालात कासवे वाचवण्याचा हेतू मान्य झाला. नियम सगळ्यांना सारखा लावला नाही, यावर अमेरिका हरली. युरोपीय संघाच्या कार्बन करावर भारताचा आक्षेपही साधारण याच जागी आहे : पोलादातून निघालेल्या कार्बनचा हिशेब मान्य, पण तो कोणाच्या फूटपट्टीने?

प्वाव्रच्या घरातूनही एक धागा इथे येतो. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्स्वाजने १७९५ मध्ये त्याचा मित्र आणि पहिला चरित्रकार, अर्थतज्ज्ञ पिएर सॅम्युएल द्यू पाँ याच्याशी लग्न केले. तिच्या सावत्र मुलाने १८०२ मध्ये अमेरिकेत दारूगोळ्याचा कारखाना काढला. तीच ड्यूपाँ कंपनी. पुढे ती ओझोन थराला भोके पाडणाऱ्या सीएफसी वायूंची सर्वांत मोठी उत्पादक झाली. १९८७ च्या माँट्रियल कराराने या वायूंवर निर्बंध आणले, आणि करारात नसलेल्या देशांशी त्यांचा व्यापार करण्यावर बंदी घातली. करारात येण्यासाठी अनेक देशांना या तरतुदीनेच भाग पाडले.

पाम्प्लमूसची बाग अजून आहे. तिला आता मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव आहे, आत प्वाव्रचा अर्धपुतळा आहे. जवळच बो प्लां नावाचा जुना साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, तिथे आता साखरेचे संग्रहालय आहे. मॉरिशसच्या साखरेला युरोपात मिळणारा हमीभाव २००९ मध्ये संपला. तेव्हापासून उसाखालचे क्षेत्र घटते आहे आणि मोकळ्या झालेल्या जमिनींवर घरे, व्हिला आणि गोल्फची मैदाने उठत आहेत.